नांदणुकीबाहेरचे घर

मराठीत 'नांदणे' हे एक असे क्रियापद आहे, की ज्याच्या पोटात विवाह आणि वास्तव्य हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून वेगळे काढता न येण्याइतके मिसळून गेले आहेत. मुलगी सुखाने नांदते आहे असे म्हटले, म्हणजे ती विवाहिता आहे आणि तिच्या डोक्यावर छप्पर आहे, हे दोन्ही एका दमात सांगून होते. परंतु ती नांदत नाही असे म्हणण्याची वेळ आली, की संसार मोडल्याची वार्ता तेवढी कळते, आणि ती बाई मग राहते कोठे, हे सांगण्याकरिता भाषेजवळ स्वतंत्र शब्द उरत नाही. आपण म्हणतो, 'ती माहेरी येऊन बसली आहे.' राहते आहे असे म्हणत नाही, बसली आहे असे म्हणतो; जणू पाहुण्याने ओसरीवर टेकावे आणि उठण्याची वेळ टळून गेली तरी उठू नये. संसार मोडल्यावर अल्प मिळकतीच्या स्त्रीने घर कोठून आणावे, हा प्रश्न आजच्या शहरांतील भाड्यांनी उत्पन्न केला आहे असे पुष्कळांना वाटते; वस्तुतः तो या एका क्रियापदाइतका जुना आहे, आणि महाराष्ट्रात त्याला कोणकोणती उत्तरे दिली गेली याचा इतिहास आपण फारसा लिहिलेला नाही.

जुन्या समाजव्यवस्थेने या प्रश्नाची दखल घेतली नव्हती असे मात्र नाही. ज्यांच्यात पाट लावण्याची चाल होती त्या बहुसंख्य जातींत पंचांसमक्ष काडी मोडून संबंध तोडला जाई आणि सोडचिठ्ठी अथवा फारकत लिहून दिली जाई. १८२७ साली मुंबई सरकारसाठी दख्खनेतील जातिरिवाजांचे संकलन प्रसिद्ध करणाऱ्या आर्थर स्टील या अधिकाऱ्यानेही पाट आणि सोडचिठ्ठी या चालींची नोंद केली आहे. परंतु या फारकतीचा हेतू बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहिल्या नवऱ्याने हक्क सोडला, की स्त्री दुसऱ्याशी पाट लावण्यास मोकळी होई, पुष्कळ ठिकाणी पहिल्या लग्नाचा खर्च नव्या नवऱ्याकडून भरून घेतला जाई, आणि पेशवाईत तर अशा लग्नांवर 'पाटदाम' या नावाची पट्टीही सरकारात जमा होत असे. म्हणजे एका घरातून बाहेर पडण्याचा रस्ता होता, परंतु तो दुसऱ्या पुरुषाच्या घरात जाऊन संपत असे. मधल्या वाटेवर, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चुलीपाशी थांबण्याची सोय पंचांच्या कल्पनेत नव्हती, आणि सरकारच्या हिशेबातही नव्हती. तरीही वरच्या म्हणविणाऱ्या जातींपेक्षा ही व्यवस्था दयाळूच म्हणावी लागेल, कारण तेथे पाट नव्हता, फारकतही नव्हती. नवऱ्याने टाकली तरी ती आमरण त्याचीच पत्नी, आणि शास्त्राने तिच्या पदरी घातलेले काय, तर अन्नवस्त्र.

'अन्नवस्त्र' हा शब्द आपल्या कायद्याच्या मराठीत इतका रुळला आहे, की त्यात काय नाही हे सहसा ध्यानात येत नाही. अन्न आले, वस्त्र आले. निवारा आला नाही. पत्नीने पतीच्या घरी राहावयाचे हे गृहीतच असल्यामुळे निवाऱ्याचा वेगळा उल्लेख करण्याची गरज वाटली नसावी, हे मला समजते. परंतु ज्या स्त्रीला त्या घरात राहणेच अशक्य झाले आहे, तिच्याच करिता योजलेल्या शब्दातून घर वगळले जावे, ही उणीव शतकानुशतके कोणास बोचली नाही, याचे दुःख केल्यावाचून राहवत नाही. तिची जागा मग माहेरच्या वाड्यात ठरे: पडवीचा एक कोपरा, एक वळकटी, एक ट्रंक, आणि त्या मोबदल्यात पहाटेच्या सड्यापासून भावजयांच्या बाळंतपणांपर्यंतची न संपणारी कामे. वडील हयात असेतो हा कोपरा पक्का, त्यानंतर भावाच्या मर्जीवर, आणि पुढे भाच्यांच्या सौजन्यावर.

घराचे छप्पर असणे म्हणजे काय, हे रखमाबाईंच्या प्रकरणाइतके स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई आपल्या आईच्या व सावत्र वडिलांच्या, म्हणजे डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या, आणि पती दादाजी भिकाजी यांच्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा सुनावणीस आले, आणि १८८७ च्या मार्चात न्यायमूर्ती फॅरन यांनी एक महिन्याच्या आत पतीकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दादाजींनी २००० रुपये घेऊन दावा सोडला. पुढे रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेस व राजकोटास त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. या प्रकरणाचा विचार आपण बहुधा संमतीच्या आणि बालविवाहाच्या अंगाने करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. न्यायालयाने जा म्हटले तरी 'मी जाणार नाही' असे म्हणण्याचे सामर्थ्य ज्या धैर्यातून आले, त्या धैर्याच्या पाठीशी एक घर उभे होते. मृत पित्याची, म्हणजे जनार्दन पांडुरंग यांची मिळकत होती. तिला बाहेर न काढणारी आई होती. त्याच मुंबईत त्याच वर्षी नांदण्याचे नाकारू इच्छिणाऱ्या आणि तसे छप्पर नसलेल्या शेकडो जणी असतील, आणि त्यांचे दावे कोर्टाच्या दफ्तरात नाहीत, कारण त्या परत गेल्या.

समाजसुधारकांनी उभारलेल्या आश्रयस्थानांनी या काळात अमोल कार्य केले. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन करून पुढे तो हिंगण्यास नेला. परंतु या आश्रमांची मूळ योजना मुख्यतः विधवेला डोळ्यांपुढे ठेवून झालेली होती, आणि ते स्वाभाविकही होते. तिचे दुःख केशवपनाच्या रूपाने समाजाच्या डोळ्यांपुढे उघडे होते. टाकलेल्या स्त्रीच्या कपाळावर कुंकू होते. त्या कुंकवामुळे तिचे अनाथपण दिसत नव्हते, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी इमारत कोण बांधणार?

तिला खरी वाट दाखविली ती गिरणीने. कोकणातून, घाटावरून, साताऱ्याकडून मुंबईस आलेल्या बायकांत नवऱ्यामागोमाग आलेल्या पुष्कळ होत्या, तशाच नवऱ्यापासून सुटून आलेल्याही होत्या. आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत पाचांतील सुमारे एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रिळिंग ही खाती तर जवळजवळ बायकांचीच. पगार पुरुषापेक्षा कमी, पण रोख आणि स्वतःच्या हातात. प्रश्न उरला तो खोलीचा. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, तेव्हा शंभरांतील ९७ कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. प्लेगानंतर, १८९८ साली, स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या होत्या; १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या; दहा बाय सोळा-सतरा फुटांची खोली, समाईक नळ, समाईक संडास. अशी एक सबंध खोली एकट्या बाईच्या पगारात बसत नसे. पुरुष एकटा पडला तर त्याच्याकरिता या शहराने, किंबहुना त्याच्या गावानेच, एक उत्तम सोय केली होती: गावमंडळाच्या खोल्या. कोकणातील एकेका गावाने भाड्याने घेतलेल्या त्या खोलीत दरमहा थोडकी वर्गणी भरून गावच्या कोणाही माणसाला ट्रंक ठेवावयास आणि पथारी पसरावयास जागा मिळे. धोबीतलाव-माझगावकडे गोवेकरांची 'कुडे' याच तत्त्वावर चालत, आणि गोव्याचे खलाशी, आचारी, वाजंत्री बोटीची वाट पाहत तेथे महिनोन्महिने राहत. संसार असो वा नसो, गिरणीकाम असो वा सुटलेले असो, गावच्या खोलीत पुरुषाची पथारी पक्की होती. त्याच गावच्या लेकीसाठी अशी खोली कोणत्या गावाने घेतली होती, याचा मी शोध घेत आलो आहे. मला अद्याप ती आढळलेली नाही.

मग ज्यांना गिरणीने रोजगार दिला नाही, किंवा देऊन काढून घेतला, त्यांनी एक विलक्षण युक्ती केली. त्यांनी खोलीलाच कमावती केले. कशीबशी मिळविलेली, किंवा दुसरीबरोबर भागीने घेतलेली एक खोली, तीत दोन चुली, आणि पाळीपाळीने जेवावयास येणारे दहा-पंधरा किंवा त्याहूनही अधिक गिरणीकामगार: ही मुंबईची खानावळवाली. पगाराच्या दिवशी खाडे वजा करून हिशेब व्हावयाचा, वाण्याची उधारी फेडावयाची, आणि कमी पडले तर पठाणाकडून किंवा सावकाराकडून जबर व्याजाने उचल घ्यावयाची. तिच्या भाड्याची खोली हे तिचे घर नव्हते. दिवसभर ते परक्या पुरुषांचे भोजनगृह असे, आणि शेवटची पंगत उठून भांडी घासून झाल्यावर उरलेल्या चार तासांपुरते ते तिचे होई. पण ते कोणाच्या मेहेरबानीवर नव्हते. स्त्रीकामगारांची संख्या पुढे झपाट्याने घटत गेली. रात्रपाळीस स्त्रियांना कायद्याने मज्जाव होता, यंत्रे बदलली, प्रसूतिभत्ता देण्यापेक्षा बाईला कामावर न घेणेच मालकांना सोयीचे वाटू लागले. तसतशी खानावळ हीच अनेकींची शेवटची आशा झाली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना सावकाराच्या हातून सोडविले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेऊन उभे केले, ही गोष्ट मी मुंबईच्या इतिहासातील मोठ्या गोष्टींत गणतो.

आता भाड्याच्या कायद्याकडे वळले पाहिजे, कारण गरिबाच्या बाजूने केलेल्या एखाद्या कायद्यातही टाकलेली स्त्री कशी निसटते, याचे ते बोलके उदाहरण आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली आणि भाडेकरूस घरातून काढणे दुष्कर केले. जो आत होता तो तरला. परंतु भाडे गोठले, तशी नवी खोली मिळविण्याची किंमत पागडीच्या रूपाने वाढत गेली. कायद्याने पागडीस बंदी होती, तरी व्यवहार तिच्यावाचून होत नसे. दरमहाचे भाडे एखादी वाती वळणारी, पापड लाटणारी बाईसुद्धा कष्टाने भरू शकली असती. एकरकमी पागडी ती कोठून आणणार? आणि ती ज्या खोलीत संसार करीत होती, तिची भाडेपावती नवऱ्याच्या नावे. तो वारला तर कायदा तिच्या पाठीशी उभा राहत असे, कारण मृत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेहक्क मिळण्याची तरतूद कलम ५ (११) मध्ये स्पष्ट होती. तो जिवंत राहून तिला सोडून गेला, भाडे थकवू लागला किंवा मालकाशी संगनमत करून खोली परत देऊ लागला, तर मात्र ती कोणीच नव्हती. वैधव्याने जे मिळे ते परित्यागाने मिळत नसे. पतीच्या नावे असलेल्या भाड्याच्या घरातून हुसकावले जात असताना परित्यक्तेला पतीच्या जागी उभे राहून दावा लढविता येईल, हे सर्वोच्च न्यायालयाने अचला आनंद यांच्या खटल्यात सांगितले, तेव्हा २००५ साल उजाडले होते. आणि तेथेही घटस्फोट होऊन गेलेल्या स्त्रीस हा लाभ मिळाला नाही.

मध्यंतरी कायदे पुष्कळ झाले. १९४६ च्या कायद्याने हिंदू विवाहितेला क्रूरता, परित्याग, पतीचा दुसरा विवाह अशा कारणांवरून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला. १९४७ साली मुंबई इलाख्याने घटस्फोटाचा कायदा केला. १९५५ आणि १९५६ चे हिंदू विवाह, वारसा व पोटगीविषयक कायदे सर्वांस ठाऊक आहेत. गरीब स्त्रीच्या वाट्याला मात्र बहुधा फौजदारी संहितेतील पोटगीच आली, आणि तिचा आकडा पाहण्याजोगा आहे. १८९८ च्या संहितेत महिना कमाल ५० रुपये, १९२३ मध्ये १००, १९५५ मध्ये ५००. त्यानंतर १९७३ साली संहिता नव्याने लिहिली गेली, जुने कलम ४८८ जाऊन नवे १२५ आले, आणि आकडा ५०० चाच राहिला. संसदेने ही मर्यादा काढून टाकली ती २००१ साली. सेहेचाळीस वर्षे! या सेहेचाळीस वर्षांत गिरण्या चढल्या, संपल्या, मुंबईतील जागेचे मोल आकाशास भिडले, आणि टाकलेल्या स्त्रीच्या अन्नवस्त्राचा कमाल आकडा जेथल्या तेथे उभा होता. शिवाय तो कमाल आकडा; प्रत्यक्षात दीडशे-दोनशेचे हुकूम होत, आणि हुकूम झाल्यावर वसुलीची दरखास्त वेगळी, तिच्या तारखा वेगळ्या, त्या तारखांना बुडणारा रोज वेगळा.

१९८० नंतर या स्त्रिया प्रथमच आपल्या नावाने एकत्र आल्या. २० मार्च १९८८ रोजी संगमनेर येथे निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्ता हक्क परिषद भरविली. सांगली जिल्ह्यात इंदुमती पाटणकर यांच्या प्रेरणेने स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने हाच प्रश्न गावोगाव नेला. या चळवळींच्या मागण्या ऐकून शहरी माणसास नवल वाटले असेल, इतक्या त्या साध्या होत्या: स्वतंत्र शिधापत्रिका, गावठाणात घरापुरती जागा, पोटगीत वाढ. परंतु ज्याने ग्रामीण व्यवहार जवळून पाहिला आहे त्याला या मागण्यांचे मर्म कळेल. शिधापत्रिकेवर नाव नवऱ्याच्या घरी. तेथून ते कमी होत नाही, म्हणून माहेरी चढत नाही. शिधापत्रिका नाही म्हणून रहिवासाचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून घरकुलाच्या यादीत नाव नाही. घराची वाट चुलीवरून जात होती, आणि चूल वेगळी आहे हे मान्य करावयास तलाठी, सरपंच आणि रेशन दुकानदार या तिघांपैकी कोणीच तयार नव्हते. 'आम्ही आहोत, आणि येथे राहतो' एवढेच त्या बायका सांगत होत्या.

घराचा शब्द कायद्यात खऱ्या अर्थाने आला तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने. सामायिक घरात राहण्याचा हक्क, ते घर कोणाच्याही मालकीचे असो, पत्नीला आहे असे त्यात प्रथम लिहिले गेले. इतकेच नव्हे, तर ते शक्य नसल्यास तशाच दर्जाची दुसरी जागा द्यावी किंवा तिचे भाडे भरावे, असा हुकूम देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सासूच्या मालकीचे घर हे सामायिक घर नव्हे असा निकाल लागून हा हक्क आकुंचन पावला. तो पुन्हा प्रशस्त होण्यास १५ ऑक्टोबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. २०११ च्या जनगणनेत या देशात पतीपासून विभक्त राहणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे २३ लाख ७० हजार भरली, आणि घटस्फोटितांची सुमारे ९ लाख. विभक्त पुरुष मात्र त्यांच्या निम्म्याच्या आसपास, कारण पुरुष बहुधा पुन्हा संसार थाटतो आणि त्या रकान्यातून निघून जातो. महाराष्ट्रात १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता आणि घटस्फोटिता यांचा समावेश आहे. तिची रक्कम २०२३ साली महिना १५०० रुपये झाली. आणि तिच्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्या मर्यादेत बसत नाही. तालुक्याच्या गावीसुद्धा पत्र्याची एक खोली घ्यावयाची तर अनामत रक्कम, अकरा महिन्यांचा करार, आणि घरमालकिणीचा तो पहिला प्रश्न, 'मिस्टर कुठे असतात?'

अशा वेळी पुन्हा माहेर उरते. आणि माहेराविषयी कायद्याने एकदा काय म्हटले होते, ते सांगून थांबतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ ने मुलीला पित्याच्या राहत्या घरात वाटणी मागण्यास, भाऊ आपण होऊन वाटण्या करीपर्यंत, प्रतिबंध केला होता. तेथे राहण्याचा हक्क तिला होता, पण ती अविवाहित, विधवा, पतीने टाकलेली किंवा विभक्त असेल तरच. पडवीचा तो जुना कोपराच कायद्याने लेखी करून दिला होता असे मी समजतो. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून कलम २३ सबंध रद्द झाले. आज मुलगी पित्याच्या घरात वाटेकरी म्हणून उभी आहे. आणि तरीही वडिलांच्या तेराव्यानंतर महिन्याभरात, सातबाऱ्यावर वारसांची नोंद होण्याच्या सुमारास, बहिणींना तालुक्याला बोलावून हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेण्याची चाल गावोगाव चालू आहे. साडी-चोळी होते, डोळ्यांत पाणी येते, 'माहेर तुटू नये' म्हणून ती सही करते. आज सुखाने नांदणारी बहीण उद्या त्या दारात उभी राहील की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. माझी महाराष्ट्रातील प्रत्येक भावाला हात जोडून विनंती आहे, की त्याने तो कागद बहिणीपुढे ठेवू नये.